रोबो पॅनेल उचलेल, पुढचं तुला बघायचंय

बाय,

तुझा मेसेज वाचला. डिप्लोमा संपत आलाय आणि ते रोबो पॅनेल बसवतानाचे व्हिडिओ बघून तू हबकलीयस, की आपण सोलारमध्ये शिरेपर्यंत माणसांना कामच उरणार नाही. तेच व्हिडिओ परत लाव, आणि यावेळी रोबो सोडून त्याच्या आजूबाजूला उभी असलेली माणसं काय करतायत ते बघ.

अमेरिकेतल्या एईएस कंपनीने २०२४ मध्ये मॅक्सिमो नावाचा रोबो आणला, तो व्हॅक्यूम कपांनी पॅनेल उचलतो, कॅमेऱ्याने जागा हेरतो आणि स्ट्रक्चरवर, म्हणजे खांबांवर उभ्या सांगाड्यावर, नेऊन ठेवतो. मोठ्या प्लांटवरचं पॅनेल म्हणजे साधारण ३० किलोची, सव्वादोन मीटर लांब काच, ती दिवसभर उन्हात उचलायची आणि वारा सुटला की हातातल्या हातात शिडासारखी ओढ घेते. हे काम मशिनकडे गेलं तर मला वाईट वाटत नाही, खरंच. ज्यांचं पोट त्या हमालीवर आहे त्यांचं काय, हे मात्र कंपनीवाले सांगत नाहीत.

आता यातली गंमत बघ. काचेवर धूळ असली की कप धरत नाही, म्हणजे पॅनेलचे खोके कुठे फोडायचे, कसे झाकायचे हे कोणीतरी बघावंच लागतं. खांब तिरका बसला की रोबो पुढे अडतो. खांब ठोकणारं मशिनही बिल्ट रोबोटिक्सने २०२३ मध्ये काढलंय, पण खाली दगड लागला तर काय करायचं ते माणूसच ठरवतो. आपला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, आठव, वर जांभा, खाली मऊ शेडी माती, दोन पावलांवर जमीन बदलते. म्हणून आधी सर्व्हे शीक, ड्रॉइंग वाचायला शीक, प्रोग्रामिंग नंतर.

कोकणात असले प्लांट फारसे होणार नाहीत. डोंगरउतार सगळा, आणि जिथे सडा सपाट तिथे कातळशिल्पं नाहीतर गुरांची चरणी. तुला बाहेरच जावं लागेल, राजस्थानात भडला, कर्नाटकात पावगडा नाहीतर कच्छात खवडा, तिथे ३० गिगावॉटचं नियोजन आहे. आपल्या देशात रोबो आधी आला तो पॅनेल पुसायला, पाण्याशिवाय, तिथूनही आत शिरता येतं.

पण जायच्या आधी इथल्या एखाद्या आंब्याच्या पॅकिंग शेडवर किंवा होमस्टेच्या छपरावर सोलारचं काम कर, फुकट करावं लागलं तरी. खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढलेला, पॅनेल धरून ठेवणारा क्लॅम्प उघडून बघ, साध्या लोखंडी बोल्टाची पूड हातात येते, आणि खवड्याची जमीनही खारटच आहे हे विसरू नकोस. वायरी जोडणारे दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घुसतात म्हणून घुसवायचे नाहीत, ते आतून तापतात, आगी लागतात. पॅनेलला बंद करायचं बटण नसतं गो, ऊन पडलं की ते चालू, मोठ्या प्लांटवर स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांची माळ, १५०० व्होल्टपर्यंत जाते, लोडवर, म्हणजे वीज वाहत असताना, कनेक्टर ओढायचा नाही म्हणजे नाही. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच स्वतःचा घे, उसना नको.

ऑफर आली की सही करायच्या आधी मला फोन कर. राहायची सोय, बायकांसाठी वेगळं टॉयलेट आणि विमा या तीन गोष्टी लेखी मागून घे, लाजू नकोस. आणि शक्यतो मे महिन्यात जॉइन होऊ नकोस, कच्छातलं ऊन आपल्यासारखं नाही.

तुझा,
काका