मोकळा, पसरलेला आवाज हवा असेल तर कोणते हेडफोन घ्यावेत?

आधी बघा, कपाच्या बाहेरच्या बाजूला जाळी आहे का. तेच ओपन-बॅक. बंद कपात आवाज आतल्या आत आपटून परततो, म्हणून गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटतं. जाळीतून तो बाहेर निघून जातो. त्यात ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर) कानाशी थोडा तिरका बसवलेला असेल तर तबला, तानपुरा, गायक वेगवेगळ्या जागी बसलेत असं स्पष्ट जाणवतं. फार सुंदर अनुभव आहे तो!

माझी पसंती फिलिप्सच्या एसएचपी९५०० ला. त्याचा विद्युत अडथळा कमी, म्हणजे ३२ ओहमचा आहे, म्हणून फोनवरही छान वाजतो. सेनहायझरचा एचडी ५६०एस १२० ओहमचा, त्याला छोटा अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारं यंत्र) जोडलेला बरा.

लोकलमध्ये मात्र हे वापरू नका. गोंगाट आत येतो आणि तुमचं गाणं शेजाऱ्याला ऐकू जातं.