आजोबांची ओपेल रंगवू की तशीच ठेवू?

प्रश्न : आमच्या मांद्रेच्या घरी आजोबांची १९५९ ची ओपेल रेकॉर्ड गाडी आहे, पोर्तुगीज काळात पणजीत नवी घेतलेली, नंबर मुक्तीनंतर मिळालेला, जीडीने सुरू होणारा. खाली निळा रंग, टप पांढरा. रंग आता खडूसारखा झालाय, हात लावला तर हाताला लागतो, आणि उजव्या दाराच्या खिडकीखाली जिथे आजोबा कोपर टेकायचे तिथे तर रंग जाऊन खालचा प्रायमर दिसतो. काका दुबईहून आलेत, ते म्हणतात मी पैसे देतो, चवथीपर्यंत नवी कोरी करून टाका. आई म्हणते हात लावू नका. गॅरेजवाला चार लाख सांगतो. काय करावं? (वाचक, म्हापसा)

उत्तर : काकांना नमस्कार सांगा आणि चवथीची तारीख डोक्यातून काढायला सांगा, कारण चवथीपर्यंत जे होतं त्याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत, रंगरंगोटी म्हणतात.

रंगाचं भांडण सध्या बाजूला ठेवा, आधी गाडीखाली झोपा. खरंच. चटई टाका, हातात टॉर्च घ्या आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन सगळीकडे टकटक करत फिरा. पत्रा धड असेल तर टणटण वाजतो, आतून खाल्लेला असेल तर भद्द आवाज येतो, कधी कधी मूठ आतच जाते. दाराखालचे रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, रबरी मॅटखालचा फ्लोअर, दारांची खालची कड, डिक्कीचा तळ, एवढं नीट बघा. तुमच्या गाडीला वेगळी चॅसी नाही हो, बॉडी हीच चॅसी, ओपेलवाले १९३५ च्या ऑलिंपियापासून अशी सलग बॉडी बनवत होते. म्हणजे रनिंग बोर्ड गंजला तर नुसती गाडी वाईट दिसते असं नाही, गाडीचा कणाच जातो, एक दिवस दार लागेनासं होतं तेव्हा कळतं. तिथे आजोबांच्या आठवणी वगैरे काही नाही, गंज कापायचा, त्याच जाडीचा पत्रा त्याच आकारात वाकवून वेल्डिंग करायचं, झालं. ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरचे रबर, टायर, वायरिंग, पेट्रोलचे पाइप यांनाही हाच नियम. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते साठ वर्षांपूर्वीच्या रबराला सोसत नाही आणि वर पाणीही ओढून घेतं, त्यामुळे पाइप आणि कार्बोरेटरची किट बदलाच.

आता वरचा रंग. तो मूळ आहे का हे कापडाने कळतं. पांढरं सुती कापड ओलं करून थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हलकं घासा, कापड निळं झालं तर रंग एकाच थराचा आहे, वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर नाही. हल्लीचा रिपेंट बहुतेक क्लिअर कोटवाला, त्यात कापड पांढरंच राहतं. पण जुना रिपेंटही एकाच थराचा असू शकतो, म्हणून दाराच्या रबराखाली आणि डॅशबोर्डच्या आत उजेड टाकून बघा, तिथे दुसऱ्या रंगाची कड दिसते का. नाही दिसली तर जर्मनीतल्या कारखान्यात १९५९ साली मारलेला रंग तुमच्या मांद्रेच्या मांगरात उभा आहे, आणि तो एकदा पाणीपेपरने घासून काढला की दुबईचे काय, कुठलेच पैसे तो परत आणू शकत नाहीत.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या बाबांची फियाट होती, अकराशे. मागच्या मडगार्डवर फेरीबोटीच्या फळीवर चढताना बसलेली एक लांब खरचट होती, कोण चालवत होतं यावरून घरात दर दिवाळीला वाद व्हायचा. मी हौसेने गाडी रंगवायला दिली. तीन महिने सांगितले आणि अकरा लागले, दारांच्या क्रोमच्या पट्ट्या मधल्यामधे गायब झाल्या, पण गाडी आली तेव्हा आरशासारखी चकचकीत, मी पेढे वाटले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रनिंग बोर्डावर पापडासारखे फोड आले. नखाने एक उचकटला तर आत बोटभर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, आणि लांबीच्या मागे गंज, म्हणजे पत्र्याचं काम केलंच नव्हतं, नुसता लेप दिला होता. बाबा काही बोलले नाहीत, फक्त मडगार्डवरून एकदा हात फिरवला, खरचट शोधत असावेत. म्हणून म्हणतो, आपल्याकडे देवळाच्या कोरीव लाकडी खांबांनाही ऑइलपेंट फासून मोकळे होतात, तीच हौस इथे नको.

तर वरचा रंग ठेवा, पण ठेवा म्हणजे सोडून द्या नव्हे, इथे बरेच जण चुकतात. मांद्रेला समुद्र जवळ, हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि त्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेत ३३ टक्क्यांच्या वर ओल असली की पाणी धरून बसतं, आपल्याकडे तर ओल त्याहून कमी अशी क्वचितच असते. म्हणजे गाडी कोरडी दिसत असतानाही गंज चालूच असतो. आधी गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हळूहळू धुवा, प्रेशर पंप लावू नका, सुटलेला रंग उडतो. रबिंग कंपाउंड तर नकोच, खडू झालेला थर काढता काढता टपावरचा रंगच संपेल. वाळल्यावर चांगलं वॅक्स, दोन हात. जिथे उघडा गंज आहे तिथे टॅनिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावा, ते लोखंडाशी मिळून निळसर काळं होतं आणि गंज तिथेच थांबतो, पण काळा डाग दिसतो म्हणून आधी डिक्कीच्या आत कुठेतरी लावून बघा. दारांच्या आणि रनिंग बोर्डाच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारा, त्याआधी खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, सगळी मातीने बुजलेली असतात. कोपराच्या जागी नुसतं वॅक्स, दुसरं काही नाही.

एक जण मला विचारत होते की होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल गाडीला चालेल का. नको बाबा, ते होडीच्या लाकडाला ठीक आहे, अंगाला लागलं तर कातडी सोलते आणि निळ्या गाडीची तपकिरी होईल.

काकांना पटवायला एक सरकारी मुद्दा देतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ केलेली नको. आधीची नोंद असेल तर जुना नंबर राहतो, म्हणजे तुमचा जीडी जात नाही. मात्र व्हिंटेज नोंदीवर रोज बाजाराला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच. म्हणून खालचं वेल्डिंग करण्याआधी, करताना आणि झाल्यावर फोटो काढून ठेवा आणि आरटीओत आधी विचारून घ्या. बाहेरच्या जगातही आता हेच चालतं, अमेरिकेतल्या पेबल बीचच्या स्पर्धेत न रंगवलेल्या, जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. चार लाखांतले निम्मे खाली घाला. आणि समोरची ती वळलेली काच कुणालाही काढू देऊ नका, फुटली तर शोधत बसाल.

प्रश्न : माझी १९८७ ची पद्मिनी दोनदा रंगवलेली आहे, आता परत पोपडे निघतायत. हीसुद्धा तशीच ठेवायची का? (वाचक, मडगाव)

उत्तर : नाही, खुशाल उतरवा. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी आहे, तुमच्याकडे बहुतेक निम्मी गाडी तशी निघेल. जपायला मूळ काही उरलेलंच नाही तर अपराधी कशाला वाटायचं. मूळ रंगाची छटा डॅशबोर्डच्या मागे किंवा मागच्या सीटखाली सापडेल, तीच मारा, दुसरा रंग घेतलात तर आरसी बुकात बदल करावा लागतो. आणि लांबी मारायच्या आधी उघडा पत्रा स्वतः जाऊन बघा, फोनवर फोटो मागवू नका.

प्रश्न : नव्याने रंगवलेली गाडी मुद्दाम जुनाट दाखवतात तसं करून घेऊ का? (वाचक, फोंडा)

उत्तर : बोहल्यावरच्या नवरदेवाला पांढऱ्या मिशा लावाल का?

प्रश्न : पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री घातली तर चालेल ना? (वाचक, पेडणे)

उत्तर : अंगाला चिकटून अजिबात नको, आत वाफ धरते आणि चार महिन्यांत वर्षांचा गंज करते. वर छप्पर, गाडीवर सुती कव्हर, खाली मातीची जमीन असेल तर तिच्यावर जाड प्लास्टिक आणि बाजूने वारा खेळता. काचा बोटभर उघड्या. बॅटरीची टर्मिनल काढून ठेवा, आणि पंधरवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा, उंदीर वायरी खातात ते वेगळंच.