रियाज नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी: घसा आणि आम्लपित्त

सकाळी खर्ज (अगदी खालचे स्वर) लावताना आवाज घोगरा येतो आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यामागे आम्लपित्त असू शकते. जठरातील आम्ल आणि पेप्सिन (अन्न पचवणारे द्रव्य) रात्री आडवे झाल्यावर वर चढून स्वरयंत्रापर्यंत पोहोचतात, आणि तिथले नाजूक आवरण अन्ननलिकेइतके सोशिक नसल्यामुळे छातीत जळजळ मुळीच न होताही स्वरतंतूंना सूज येऊ शकते.

सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- रात्रीचे जेवण आणि झोप यांत ३ तासांचे अंतर ठेवा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हेच.
- पलंगाची डोक्याकडील बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्यास पोट दुमडून त्यावरचा दाब वाढतो.
- भरल्या पोटी रियाज टाळा.

नवशिके सतत खाकरतात, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटून सूज वाढते. त्याऐवजी घोटभर पाणी प्या. पुदिन्याच्या गोळ्यांनी आम्ल आणखी वर येऊ शकते. घोगरेपणा ३ आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. गिळताना त्रास किंवा थुंकीत रक्त असल्यास लगेच जा. घसा निवायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, तेव्हा धीर सोडू नका.