नावं बदलून वाच

प्रिय,

पत्र मिळालं. गावी असताना जे पटायचं ते पुण्यात रूमवर आल्यापासून पटत नाही, आणि सुट्टीत घरी गेलं की पुन्हा घरचंच खरं वाटतं, मग यातलं माझं मत कोणतं, असं तू विचारलंस. अजून तरी कुठलंच तुझं नाही. जिथे जेवतोस तिथलं मत तुला लागतंय.

सदाशिव पेठेतली रूम तुला कशी मिळाली ते आठव. आपल्या तालुक्यातला एक जण तिथे आधीच राहत होता, त्याला त्याच्या पाव्हण्याने आणलेलं. मेस तीच, अभ्यासिका तीच, रात्री टपरीवर चहाला उभी राहणारी पोरंही तीच. बातमी तुझ्यापर्यंत येते ती यांच्या मोबाइलवरून, आणि तिच्यावर काय म्हणायचं हेही सोबतच येतं. यात कुणाचा कट नाही. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं उभी राहिली म्हणून तर खेड्यापाड्यातली पोरं शिकली. आपल्या माणसांचा आधार घेण्यात काही वाईट नाही. पण ‘आपले म्हणतात म्हणजे खरंच असणार’ ही सवयही तिथेच लागते आणि लागलेली कळत नाही.

म्हणून वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले तेच तुलाही सांगते: नावं बदलून वाच. बातमीतल्या पक्षाच्या जागी दुसरा पक्ष घाल, नेत्याच्या जागी विरोधी नेता, तुझ्या जातीच्या जागी दुसरी जात. मग स्वतःला विचार, आता हा पुरावा पुरेसा वाटतो का?

हे माझ्या मनाचं नाही. जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाने २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे गरिबांना सरकारी मदत देण्याच्या योजना ठेवल्या, एक सढळ, एक कडक. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे एवढं कळलं की उदारमतवादी मुलांनी कडक योजना उचलून धरली आणि परंपरावादी मुलांनी सढळ. वर, आम्ही योजनेतला मजकूर बघूनच ठरवलं, असंही त्यांचं म्हणणं.

आणि ‘मी तटस्थपणे विचार करतो’ हे मला सांगू नकोस. अमेरिकेत एका प्रयोगात फाशीच्या शिक्षेवरचे अभ्यास लोकांना वाचायला दिले होते. जो तो आपल्या मताशी जुळणाराच अभ्यास पक्का मानत होता. तटस्थ राहा, न्यायाधीशासारखा विचार करा, असं बजावून काही फरक पडला नाही. याच अभ्यासाचा निष्कर्ष उलटा निघाला असता तर तुम्ही त्याला एवढीच किंमत दिली असती का, असा विचार करायला लावल्यावर मात्र पडला. हे १९८४ चं संशोधन. नावं बदलून वाच म्हणते ते यासाठी. हुशारीवरही विसंबू नकोस. आकडेमोडीत पक्की असलेली माणसं राजकीय प्रश्नावर तेच आकडे आपल्या बाजूला जास्त सफाईने वळवतात, असं अमेरिकी संशोधक डॅन कहान यांना आढळलं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला तर हा धोका जास्तच.

आता आपल्याकडचं घे. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या निकालात महाविकास आघाडीला राज्यात ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर मतदान यंत्राचं नावही कुणी काढलं नाही. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीचे तीन मोठे पक्ष २८८ पैकी २३० वर गेले आणि त्याच माणसांना यंत्रात घोटाळा दिसू लागला. दुसरी बाजू त्यांना हसत होती. पण २००९ ला लोकसभा हरल्यावर याच यंत्रांवर शंका घेणाऱ्यांत खुद्द लालकृष्ण अडवाणी होते, हे हसणाऱ्यांपैकी एकालाही आठवलं नाही.

शंका घेऊ नये असं मी म्हणत नाही. जरूर घे, पण जिंकल्यावरही घे, आणि मतदान केंद्रावर जाऊन घे. मी केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं आहे. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून अभिरूप मतदान घ्यायचं, निकाल व्हीव्हीपॅट यंत्रातून पडलेल्या छापील चिठ्ठ्यांशी ताडून दाखवायचा, यंत्र पुन्हा शून्यावर आणायचं, सील करायचं. संध्याकाळी किती मतं पडली त्याचा नमुना १७-सी प्रतिनिधींच्या हातात द्यायचा. मोजणीच्या दिवशी तो आकडा जुळतो की नाही ते त्यांनी बघायचं. पहाटे वेळेवर येऊन हे सगळं नीट बघणारे प्रतिनिधी मला फार थोडे भेटले. मोबाइलवर रात्रभर भांडणाऱ्यांनी त्यातली एक तरी सकाळ केंद्रावर काढावी.

मी हे ग्रुपवर लिहिलं. दोन्ही बाजूंना नावं बदलून वाचायला सांगितलं. धाकटा भाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तू विकली गेलीस, असं त्याने सगळ्यांसमोर लिहिलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. आईच्या आजारपणात आम्ही दोघांनी मिळून रात्री जागवल्या आहेत. लोक म्हणतात, कशाला पडायचं यात, गप्प बसायचं. घरात गप्प बसायचं आणि वर्गात मुलांना शिकवायचं, हे मला जमणार नव्हतं. आजही जमणार नाही.

तेव्हा रूमवरच्यांशी भांडू नकोस, आणि घरच्यांना अडाणीही समजू नकोस. आरक्षणाचा जो मेसेज तू मला पाठवलास त्यातल्या जातींची नावं बदल, दोन दिवस तसाच ठेव, मग वाच. जे तरीही पटेल ते सविस्तर लिहून पाठव. मला ते पटलं नाही तरी चालेल. नुसता फॉरवर्ड पाठवलास तर उत्तर देणार नाही.

दिवाळीला मी भावाकडे जाणार आहे, त्याने बोलावलं नाही तरी. विषय निघाला तर हेच म्हणेन.

तुझी,
बाई