वाचकांचे प्रश्न: ल्योंला जायचंय, उतरायचं कुठे?

प्रश्न: आमचा मुलगा फ्रान्समध्ये ल्यों शहराला लागून असलेल्या विलर्बानमध्ये इंजिनिअरिंग शिकला. कॉलेज ला दुआ भागात आहे. ऑक्टोबरअखेर पदवीदान आहे, त्यासाठी मी आणि मिस्टर आठवडाभर जाणार आहोत. मुलाची खोली हॉस्टेलची, तिथं आमची सोय होणार नाही. एजंटनं दोन पर्याय दिलेत. एक जुन्या ल्योंमधलं दगडी घर, त्याचे फोटो फार सुंदर आहेत. दुसरं विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल आणि सोबत भाड्याची गाडी. मुलगा म्हणतो, क्रुआ-रूस टेकडीवर राहा, तिथं विणकरांची जुनी वस्ती आहे. आमचेही यंत्रमाग आहेत म्हणून तो असं सुचवतो. मला गुडघ्यांचा त्रास आहे, आम्ही शाकाहारी आहोत आणि फ्रेंच दोघांनाही येत नाही. काय करावं? (एक वाचक, विटा)

उत्तर: ताई, आधी मुलाचं आणि तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. आता स्पष्ट सांगतो: तिन्ही पर्याय बाजूला ठेवा आणि शारपेन या मेट्रो स्टेशनच्या आसपास, लिफ्ट असलेल्या इमारतीत, छोटं स्वयंपाकघर असलेली खोली बघा. कंपनीच्या कामानं मी त्या भागात राहिलो आहे, पुढे सौभाग्यवतींनाही घेऊन गेलो. त्यांचे गुडघे तुमच्यासारखेच, त्यामुळे हे नकाशावर बोट ठेवून सांगत नाही.

शहराची ठेवण एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं होतं. हरिपूरला जशी कृष्णा-वारणा भेटते, तशा ल्योंच्या दक्षिणेला रोन आणि सोन या नद्या भेटतात. संगमाच्या वरचा, दोन नद्यांमधला लांबट पट्टा म्हणजे शहराचा गाभा. बेलकूर हा मोठा चौक तिथंच आहे. सोनच्या पश्चिमेला फुर्व्हिएरची टेकडी आणि तिच्या पायथ्याशी जुनं ल्यों. पट्ट्याच्या उत्तरेला क्रुआ-रूसची टेकडी. आणि रोन ओलांडून पूर्वेला गेलं की सगळा सपाट मुलूख: पार-द्यू हे मोठं रेल्वे स्टेशन, शारपेन, विलर्बान, मुलाचं कॉलेज. गुडघे दुखणाऱ्या माणसानं रोनच्या पूर्वेलाच बिऱ्हाड करावं, हे माझं ठाम मत आहे. टेकड्या बघायच्या, पण मुक्कामाला सपाटी.

शारपेनच का? तिथं मेट्रोच्या ए आणि बी या दोन्ही लाइन मिळतात. शिवाय टी१ आणि टी४ या ट्राम तिथूनच ला दुआला जातात, म्हणजे मुलाच्या कॉलेजच्या दारात. ए लाइननं गाडी न बदलता बेलकूर, बी लाइननं दोन स्टेशनांवर पार-द्यू. संध्याकाळी मुलगा जेवायला आला, तर त्यालाही परत जायला ट्राम आहेच. ट्राममध्ये पायरी चढावी लागत नाही, फलाट आणि डब्याचा तळ एकाच पातळीत असतात. ट्रामचं तोंड मुद्दाम रेशमाच्या किड्यासारखं गोलसर घडवलेलं आहे, ते मिस्टरांना दाखवा. शारपेनपासून तेत दॉर नावाची प्रचंड बाग चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. शंभर हेक्टरांहून मोठी, १८५७ पासूनची. तळं, गुलाबांचा मळा, प्राणी, आणि प्रवेशाला पैसे नाहीत. मुलगा कामात असेल त्या सकाळी तुम्ही दोघं तिथं निवांत बसू शकता.

जुन्या ल्योंच्या घराबद्दल. फोटो सुंदर आहेत यात शंकाच नाही. तो भाग, क्रुआ-रूसचा उतार आणि नद्यांमधला पट्टा १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण फोटोत जिना दिसत नाही. तिथली बरीच घरं चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची, जिने दगडी आणि गोल फिरत वर जाणारे, मधोमध झिजलेल्या पायऱ्या, आतल्या बाजूला पाऊल मावत नाही अशा. रस्त्यात दगडी गोटे बसवलेले, त्यावर चाकांची बॅग ओढताना हात भरून येतात. बघायला अर्धा दिवस जरूर जा. मुक्काम नको.

विमानतळाजवळचं हॉटेल तर अजिबात नको. विमानतळापासून पार-द्यूपर्यंत रोनएक्स्प्रेस नावाची वेगळी ट्राम अर्ध्या तासाच्या आत पोचवते, पण तिचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, शहराचं साधं तिकीट तिथं चालत नाही. रोज दोघांचं जाणं-येणं धरलं तर हॉटेलात वाचलेले पैसे तिथंच जातील. आणि गाडी? उजव्या बाजूनं चालवायची, ट्रामचे रूळ सांभाळायचे, पार्किंग शोधत फिरायचं. शहरातल्या मुक्कामात गाडी म्हणजे निव्वळ डोक्याला ताप.

आल्या दिवशी मात्र रोनएक्स्प्रेस घ्याच. एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत: ती वाटेत वो-आं-व्हलँ ला सुआ या स्टेशनवर थांबते. तिथं उतरा. मेट्रोची ए लाइन तिथूनच सुरू होते, त्यामुळे गाडी रिकामी मिळते, बसायला जागा मिळते आणि तीच गाडी थेट शारपेनला आणते. पार-द्यूच्या गर्दीत बॅगा घेऊन उतरण्याची गरज उरत नाही.

तिकिटाचं साधं आहे. एक तिकीट तासभर चालतं, त्या तासात मेट्रो, ट्राम, बस काहीही बदला, परत फिरा. मात्र गाडी बदलताना दर वेळी तिकीट यंत्राला लावायचं. तिकीट खिशात आहे पण यंत्राला लावलं नाही, तर तपासनीस दंड करतो. एक, दोन आणि तीन दिवसांचे पासही मिळतात. ज्या दिवशी फार फिरायचं त्या दिवशी पास, एरवी दहा तिकिटांचा संच. यंत्रावर इंग्रजी निवडता येतं.

आता क्रुआ-रूस. तुमच्या मुलाचं मन मला कळतं, त्यानं सुचवलं ते प्रेमानं. तिथं राहू नका, पण तिथं गेल्याशिवाय परतही येऊ नका. ए लाइननं ‘ओतेल द व्हील’ स्टेशन, तिथं सी लाइन. ही मेट्रो दात्यांच्या रुळावरून टेकडी चढते. मधल्या क्रुआ-पाके स्टेशनवर उतरू नका, तिथला फलाटच उतरता आहे. पुढच्या क्रुआ-रूसला उतरा. वर सपाटी आहे. चौकात जेकार्डचा पुतळा आहे: जोसेफ मारी जाकार, जन्म १७५२, याच ल्योंचा. विट्यात ज्या जेकार्डवर साडीची किनार उमटते, ते भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं मागावरचं नक्षीयंत्र घडवणारा हा. तिथून जवळच ‘मेझाँ दे कानू’ या ठिकाणी जुन्या हातमागांवर रेशीम विणून दाखवतात. धोटा हातानं फेकलेला, वर कार्डांची माळ एकेक पान पुढं सरकते, आणि प्रत्येक फेकीला लाकडाचा ठोका. वेळ आधी विचारून जा, कारण प्रात्यक्षिक ठरावीक वेळीच असतं. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्याही बघा, नेहमीपेक्षा उंच आहेत. जेकार्डसकट माग आत उभा राहावा म्हणून खोल्यांची उंची चार मीटरच्या आसपास ठेवली होती. माग घरात, संसारही त्याच खोलीत, वर माळ्यावर झोपायचं. १८३१ मध्ये याच टेकडीवरच्या विणकरांनी मजुरीचा दर बांधून मिळावा म्हणून उठाव केला आणि काही दिवस शहर ताब्यात ठेवलं. तुमच्या घरी बिलाचा आणि मजुरीचा हिशेब रोजचा, तुम्हा दोघांना ती टेकडी इतर प्रवाशांपेक्षा जास्त बोलेल, याची मला खात्री आहे.

फुर्व्हिएरलाही चढायचं नाही. बेलकूरहून डी लाइननं एकच स्टेशन, व्ह्यो ल्यों. ही गाडी चालकाशिवाय धावते, पुढच्या काचेशी बसायला मिळालं तर बोगदा समोर उलगडत जातो. त्याच स्टेशनातून दोरावर ओढली जाणारी छोटी गाडी वर चर्चच्या दारात सोडते. तिकीट तेच. वरून दोन्ही नद्या दिसतात.

खोली ठरवताना एजंटला चार गोष्टी लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. लिफ्ट तळमजल्यापासून आहे का. काही ठिकाणी सहा-सात पायऱ्या चढल्यावर लिफ्ट लागते. आंघोळीला टब आहे की सपाट शॉवर. टबाची कड गुडघ्याच्या वर येते आणि ओल्या टबातून पाय उचलून बाहेर ठेवणं हे गुडघेदुखीत सगळ्यात धोक्याचं काम. शेगडी कुठली. आणि चावी कोण देणार, कारण पुष्कळ ठिकाणी दारावर आकड्यांचं कुलूप असतं आणि स्वागताला माणूस नसतो. मी तुमच्या जागी अपार्ट-हॉटेल घेईन. तिथं हॉटेलसारखा काउंटर असतो आणि खोलीत ओटाही, फक्त काउंटर रात्री किती वाजता बंद होतो ते विचारून ठेवा.

ओटा हवाच. ल्यों खवय्यांचं गाव म्हणून जगभर नावाजलेलं, पण तिथल्या पारंपरिक खाणावळींत मांसच मुख्य. दुपारी बाहेर पिझ्झा, सॅलड, बेकरीतला पाव आणि गुलाबी प्रालीनची, म्हणजे साखर चढवलेल्या बदामांची टार्ट (अंडं चालत असेल तर), असं भागतं. रात्री वरण-भात घरी. शेगडी बहुधा इंडक्शनची असते, त्यावर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. इंडक्शनचा तळ असलेला लहान स्टीलचा कुकर न्या. फोडणी देताना खिडकी उघडा, छतावर धूर लागताच वाजणारा भोंगा असतो. आपली तीन पिनांची वायर तिथं बसत नाही, ॲडॉप्टर इथूनच घ्या. डाळ-तांदूळ, कोथिंबीर गियोतिएर भागातल्या आशियाई दुकानांत मिळते, दिवसा जाऊन या. रविवारी दुपारनंतर बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून दूध-भाजी शनिवारीच. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. ट्राम आवाज न करता येते. पार-द्यू आणि बेलकूरच्या गर्दीत पासपोर्टची पिशवी पोटाशी धरा.

व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. म्हणून खोली रद्द करता येईल अशा अटीवरच बुक करा. समारंभाची तारीख पुढे जाऊन ८ डिसेंबरच्या आसपास आली, तर ती कळेल त्याच दिवशी बुकिंग करा. तेव्हा शहरात दिव्यांचा मोठा उत्सव असतो आणि खोल्या मिळणं मुश्किल होतं.

प्रश्न: मुंबईहून ल्योंला थेट विमान मिळत नाही. पॅरिसला उतरून रेल्वेनं जावं की दुबईमार्गे विमानानं? (एक वाचक, करंजे, सातारा)

उत्तर: वय कमी आणि सामान थोडं असेल तर पॅरिस. शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल २ मध्येच रेल्वे स्टेशन आहे, तिथून पार-द्यूला थेट गाडी दोनेक तासांत जाते. मात्र विमान उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यात निदान तीन-चार तास ठेवा, कारण स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळतीलच असं नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तिथल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, गाड्या भरून जातात. आई-वडील सोबत असतील तर दुबईमार्गे जा. बॅगा मुंबईत दिल्या की ल्योंलाच घ्यायच्या, आणि विमानतळाच्या बाहेर पडलं की रोनएक्स्प्रेस समोर.