रत्नागिरीत रिक्षा घालायची तर छोटी भाडी घ्यावीत का?

तुम्ही सध्या मुंबईत ॲपवर रिक्षा चालवताय, आता गावी रत्नागिरीला येऊन हाच धंदा करायचाय, आणि विचारताय की दोन-तीन किलोमीटरची भाडी घ्यावीत की लांबचीच धरावीत. मीही आधी उपनगरात ॲपवर होतो, आता इथे स्वतःची रिक्षा आहे. माझं मत स्पष्ट आहे: छोटी भाडी घ्या. फक्त गिऱ्हाईक कुठे उतरणार, ते आधी बघा.

मुंबईचाच मीटर धरून हिशेब करू, तो तुम्हाला पाठ असेल. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, पुढे किलोमीटरला 17.14. बारा किलोमीटरचं भाडं झालं साधारण 206 रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण तिथून रिकामं परतावं लागलं तर गाडी चोवीस किलोमीटर पळाली, म्हणजे किलोमीटरला साडेआठ रुपये. आता दीड किलोमीटरचं भाडं घ्या, गिऱ्हाईक अर्ध्या किलोमीटरवर उभं आहे. दोन किलोमीटरला 26, म्हणजे तेरा रुपये पडले. तेच गिऱ्हाईक दोन किलोमीटर लांब असेल तर साडेतीन किलोमीटरला 26, आणि वर वहिनी अजून जिन्यातच! असलं भाडं मी तरी घेत नसे. ॲप कंपन्यांसाठीच्या केंद्राच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मूळ भाडं किमान 3 किलोमीटरचं धरावं असं आहे, ते या रिकाम्या धावेसाठीच. कागदावर आहे, एवढंच म्हणतो.

ॲप पैसे कसे घेतं यावरही फरक पडतो. टक्केवारी असेल तर प्रत्येक भाड्यातून काप जातोच. रिक्षांसाठी आता बऱ्याच ॲपनी रोजची ठरावीक फी ठेवली आहे. तिथे फी वसूल झाली की पुढचं प्रत्येक छोटं भाडं पूर्ण तुमच्या खिशात.

आता रत्नागिरी. इथे माझा बहुतेक धंदा स्टँडवर आणि फोनवर चालतो. मुंबईसारखं गिऱ्हाईक उतरलं तिथेच दुसरं मिळेल, असं धरून चालू नका. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, एसटी स्टँड, बाजारपेठ या पट्ट्यात छोटी भाडी एकाला एक जोडून मिळतात, तिथे बिनधास्त मारा. पण आतल्या वाडीत, घाटी उतरून सोडायचं असेल तर भाडं ठरवतानाच परतीचं बोलून घ्या. चढावर पहिल्या गिअरमध्ये गॅस किती जातो, हे सपाट मुंबईत कळत नाही.

स्टेशनचं गणित वेगळं. ते शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूला. गाडी आली की एकदम गर्दी, मग बराच वेळ सामसूम. मी शहरापर्यंतचं भाडं घेतो आणि पुढच्या गाडीच्या आत परत नंबर लावतो. आपली कोकण रेल्वे लेट असली तर चहाही होतो. गणपतीपुळ्याचं भाडं मिळालं तर आरे-वारे मार्गे एका बाजूचे पंचवीसेक किलोमीटर. ते फक्त जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट ठरवायचं. पाहुणे तिथेच मुक्कामाला असतील तर रिकामं यावं लागतं आणि इकडे दोन गाड्या येऊन गेलेल्या असतात. गणपतीत हे सगळं विसरा. चाकरमानी उतरले की कुठलंही भाडं परवडतं, बोचकी मावली म्हणजे झालं.

माझा खरा आधार शाळेची वर्दी, म्हणजे मुलांची रोजची ने-आण, आणि रोजची ठरलेली माणसं आहेत. दोन किलोमीटरचीच भाडी, पण वेळ ठरलेली, वाट बघणं नाही, आणि त्याच घरातून लग्नाला किंवा पावसला स्वामींच्या दर्शनाला जायचं तर फोन मलाच येतो. मिरकरवाड्यातून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या मावशींनाही नाही म्हणू नका. सीटखाली जुनी ताडपत्री ठेवा, नाहीतर दिवसभर प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्याकडे बघत नाक दाबेल.

एक कायद्याचं. मुंबईचं परमिट इथे चालत नाही, त्यामुळे आधी इथल्या आरटीओत चौकशी करा आणि मगच तिकडची गाडी विकायचं बघा. आणि स्टँडवर उभं राहून छोटं म्हणून भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे. नको असेल तर नंबरात उभंच राहू नये.

सुरुवात मात्र जूनमध्येच करा, लोक मे महिना सांगतील तरी. मेमध्ये आंबे आणि पर्यटक असतात, लांबच्या भाड्यांची चटक लागते. पावसात पुळ्याकडची वर्दळ ओसरते आणि एरवी चालत जाणारी माणसं अर्ध्या किलोमीटरलाही हात करतात. कुठल्या वळणावर कोण उभं असतं, ते त्या चार महिन्यांत कळतं.