सदसद्विवेकबुद्धी: आधी ‘अ’ शोधा, मग सूप घ्या

ठाण्यातल्या एका पॅरिशमध्ये (चर्चच्या विभागात) कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा: मराठी टिपणांत ‘कॉन्शन्स’ला, म्हणजे बरं-वाईट ठरवण्याला, विवेक म्हटलंय आणि ‘प्रुडन्स’ या, योग्य ते ठरवून तसं वागण्याच्या, सद्गुणालाही विवेकच. मुलं गोंधळतात. कुठला शब्द कशाला ठेवायचा?

कॉन्शन्सला पूर्ण शब्द ठेवा, सदसद्विवेकबुद्धी. पण आधी शुद्धलेखन. बाईंनी पाठवलेल्या टिपणात ‘सद्सद्विवेकबुद्धी’ छापलंय, अग्रलेखांतही हेच दिसतं. अहो, सत् आणि असत् मिळून सदसत् होतं. मधला ‘अ’ गिळला की असत् नाहीसं झालं, उरलं सत् आणि सत्. मग निवडायचं काय, कपाळ?

आता विवेक. विचार, शहाणपण हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडू. धातू आहे विच्. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची यादी, सांगतो ‘विचिर् पृथग्भावे’, म्हणजे वेगळं करणे. पण कशानं वेगळं करणे? शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेच्या पहिल्याच अध्यायात, दर्शपूर्णमास इष्टीसाठी (अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञासाठी) कांडलेलं धान्य पाखडतानाचा मंत्र आहे: ‘वायुर्वो वि विनक्तु’, वायू तुम्हाला वेगळं करो. हे ‘तुम्हाला’ म्हणजे दाण्यांना! थोडक्यात, विवेक हा शब्द सुपातला आहे.

विवेक हा अद्वैताचा शब्द, ‘नित्यानित्यवस्तुविवेक’वाला (टिकणारं आणि न टिकणारं वेगळं ओळखणं), तो ख्रिस्ती नीतिशास्त्रात उपरा वाटतो, असं काही संस्कृतज्ञ बजावतात. शंकराचार्यांच्या कितीतरी आधी सूप होतं, एवढंच त्यांना सांगावंसं वाटतं.

सूप वर झटकलं की कोंडा पुढे उडतो आणि दाणा परत सुपात पडतो. खडा जड, तो वाऱ्याला जुमानत नाही. त्यासाठी सूप आडवं घोळावं लागतं, तरी राहिला तर दाणे ताटात पसरून बोटानं निवडावा लागतो. कॅथलिक नीतिशास्त्रात या निवडीला तीन बाजू आहेत: प्रत्यक्ष कृती, हेतू आणि परिस्थिती. समजा, वाशीतल्या सोसायटीच्या खजिनदारानं रंगकामाचं बिल वाढवून लावलं आणि वरचे पैसे वॉचमनच्या ऑपरेशनला दिले. हेतू चांगला. परिस्थिती निकडीची, त्यामुळे दोष कमी होऊ शकतो. पण कृती खोट्या बिलाचीच राहते. हेतूनं ती धुतली जात नाही. हाच तो खडा. वर्गणी काढायची वाट मोकळी होती.

‘अंतरात्म्याचा आवाज’ हा पर्याय सुचवणाऱ्यांशी माझं जमत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या दस्तऐवजात ‘आवाज’ आहे, हे खरं. पण कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात कॉन्शन्सची व्याख्या ‘बुद्धीचा निवाडा’ अशी केली आहे. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस तर स्पष्टच म्हणतो की ही शक्ती नव्हे, क्रिया आहे: ठाऊक असलेलं तत्त्व समोरच्या कृतीला लावून पाहणं. ‘मनाला पटलं, केलं’ याला आवाज चालेल, निवाडा चालणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. बायबलचा लॅटिन अनुवादक संत जेरोमनं, यहेज्केल या संदेष्ट्याला दिसलेल्या चार तोंडांच्या प्राण्यांवर लिहिताना, त्यातल्या गरुडाला ‘सिंटेरेसिस’ म्हटलं: भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या मनातही न विझलेली ठिणगी. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ही नकलनविसाची चूक, मूळ शब्द ‘सिनेइडेसिस’, म्हणजे साधा कॉन्शन्स. पण मध्ययुगीन पंडितांनी चुकीचं सोनं केलं. दोन शब्द हाती आहेत ना, मग कामं वाटून दिली: सिंडेरेसिस (सिंटेरेसिसचंच मध्ययुगीन रूप) म्हणजे ‘चांगलं करावं, वाईट टाळावं’ हे मुरलेलं ज्ञान, आणि कॉन्शिएन्शिया (लॅटिनमधला कॉन्शन्स) म्हणजे त्याचा या घडीचा वापर. माझं म्हणणं असं की मराठीनं हे दोन्ही एकाच समासात कोंबलंय: बुद्धी हे मुरलेलं ज्ञान, विवेक ही क्रिया. म्हणून शब्द लांबलचक असला तरी तोडू नका.

हा निवाडा चुकूही शकतो. चुकीचा असला तरी मनाची खात्री असेल तर तो माणसावर बंधनकारक असतो. खात्रीच्या विरुद्ध वागणं पापच. मात्र चूक निष्काळजीपणातून आली असेल, चौकशी करणं शक्य असून केली नसेल, तर सुटका नाही. आणि खात्रीच नसेल तर आधी शंका फेडायची, मग हात घालायचा.

हो, प्रुडन्स राहिलाच. त्याला ‘तारतम्य’ म्हणा. तर आणि तम या प्रत्ययांपासून झालेला शब्द आहे, अधिक कोणतं आणि सर्वाधिक कोणतं हे ओळखणं. (मघाच्या ‘सद्सद्’वाल्यांना हाच लागेल; दोन चांगल्यांतून एक निवडायला तारतम्यच हवं.) थॉमसच्या मते त्याच्या तीन पायऱ्या: विचारपूस, निर्णय, आणि स्वतःला हुकूम. तिसरी मुख्य. पहिली बिघडली की उतावीळपणा, दुसरी बिघडली की अविचार, तिसरी बिघडली की धरसोड. सदसद्विवेकबुद्धी ‘हे बिल खोटं’ म्हणून थांबते. वर्गणीची वही आज संध्याकाळीच फिरवायला लावतं ते तारतम्य.

बाईंनी ताजा कलम जोडलाय की ‘स्क्रुपल्स’ला, म्हणजे पापाच्या नसत्या शंकांना, काय म्हणू. लॅटिन ‘स्क्रुपुलुस’ म्हणजे टोकदार बारीक खडा! निवडून झालेल्या दाण्यांतही पुन्हा पुन्हा खडे शोधत बसणाऱ्याला मराठीत शंकेखोर म्हणतात, त्यावरून ‘शंकेखोरपणा’ घ्या. अशा माणसाला जुना सल्ला असा: एकच कन्फेसर (पापकबुली ऐकणारा पाद्री) धरावा, त्याचं ऐकावं, आणि सांगून झालेली पापं पुन्हा सांगू नयेत.